‘पित्त झालंय’ म्हणण्याआधी

धाकटीला तेव्हा पाच आठवडे झाले होते. बाहेर जानेवारीचा बर्फ, घरात हीटरवर वाळत घातलेली दुपटी आणि रात्रीचे दोन. तिला पाजून पाळण्यात ठेवलं आणि पाठ टेकते न टेकते तोच छातीच्या खाली, मधोमध, आतून कुणीतरी मूठ आवळल्यासारखं दुखायला लागलं. हळूहळू ते उजव्या बरगड्यांखाली सरकलं आणि तिथून थेट पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेलं. बसवेना, झोपवेना. मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालत राहिले. एकदा उलटी झाली, पण तिनेही आराम पडला नाही.

माझ्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेली आई आवाजाने उठली. माझा चेहरा बघून म्हणाली, “पित्त झालंय तुला. रात्री किती उशिरा जेवलीस!” मग गार दूध झालं, आमसुलाचं पाणी झालं, चिमूटभर ओवा झाला. दोन तासांनी दुखणं जसं आलं तसं गेलं, जणू काही झालंच नव्हतं. “बघ, आमसुलानं उतरलं की नाही?” आई म्हणाली. सकाळी अंगात ताकद यावी म्हणून तिने मला रोजच्यापेक्षा एक डिंकाचा लाडू जास्त दिला.

आठ दिवसांनी तेच. त्यानंतर चार दिवसांनी पुन्हा. दुसऱ्या वेळी शनिवार होता, म्हणून नवरा मला तातडीच्या दवाखान्यात घेऊन गेला. काय होतंय, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारल्यावर मी मनातल्या मनात ‘पित्त’ शब्दाचं भाषांतर केलं आणि सांगितलं, ‘सोडब्रेनेन’. म्हणजे छातीतली जळजळ. त्यांनी जळजळीची गोळी दिली. चूक त्यांची म्हणता येणार नाही. मी जे सांगितलं त्याचंच औषध मला मिळालं.

खरं काय ते कळलं आमच्या हेबामेमुळे. इथल्या या सुईणबाई बाळंतपणानंतर घरी येऊन आई आणि बाळ दोघांना तपासतात, हे आपल्यापैकी अनेकींना माहीत आहेच. बाळाचं वजन करता करता तिने सहज माझी चौकशी केली. मी रात्रीच्या दुखण्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, “एका बोटाने दाखव, नेमकं कुठे?” मी उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. “आणि मागे?” मी खांदा दाखवला. “जेवल्यावर किती वेळाने येतं? किती वेळ राहतं?” मग शांतपणे म्हणाली, “ही बहुधा गालेनब्लाझे आहे. उद्याच तुमच्या हाउसआर्त्स्टकडे जा आणि पोटाची सोनोग्राफी करा म्हणून सांग.”

गालेनब्लाझे म्हणजे पित्ताशय. सोनोग्राफीत तिथे बारीक खड्यांचा पुंजका दिसला. गरोदरपणात माझ्या पोटाची इतक्या वेळा सोनोग्राफी झाली होती, पण त्यातली एकही पित्ताशयाची नव्हती.

पुढे पाडव्याच्या कार्यक्रमाला ही हकीकत सांगितली, तर आपल्यातल्याच आणखी दोघी म्हणाल्या, “अगं, मलाही!” एकीने बाळंतपणानंतर कित्येक महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. दुसरीला कावीळ होईपर्यंत पत्ता लागला नव्हता. दोघींच्याही घरी पहिल्या दिवसापासून एकच निदान झालं होतं, ‘पित्त झालंय’. म्हणून हा लेख.

एक शब्द, तीन अर्थ

मी काही डॉक्टर नाही. इथे येण्याआधी शाळेत मराठी शिकवत होते. त्यामुळे या प्रकरणात मला पहिली शंका आली ती शब्दाचीच.

आपल्या बोलण्यात ‘पित्त’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी नांदतात. पहिली आयुर्वेदातली. वात, पित्त, कफ यांतलं पित्त हा शरीराच्या प्रकृतीचा विचार आहे, एखादा अवयव नव्हे. दुसरी रोजच्या घरातली. ‘पित्त झालं’, ‘पित्त उठलं’ म्हणजे आंबट ढेकर, जळजळ, डोकेदुखी; कधीकधी अंगावर उठणाऱ्या गांध्यांनाही आपण पित्तच म्हणतो. यातली जळजळ होते ती जठरातल्या आम्लामुळे. तिसरी गोष्ट म्हणजे खरोखरचा पित्तरस. तो हिरवट पिवळा, कडू रस यकृतात तयार होतो आणि पित्ताशयात साठतो.

गंमत अशी की जठरातलं आम्ल आणि यकृतातला पित्तरस यांचा स्वभाव अगदी उलटा. आम्ल आंबट, पित्तरस कडू आणि किंचित क्षारधर्मी. आम्ल कमी करणारी गोळी पित्ताशयाच्या दुखण्यावर काही करू शकत नाही. पण दोघांना नाव एकच असल्यामुळे आपण एकाचं औषध दुसऱ्याला देत राहतो. पित्ताशयाची कळ बहुतेक वेळा काही तासांत आपोआप ओसरते, आणि त्याचं श्रेय आमसुलाला, दुधाला किंवा गोळीला मिळून जातं. पुढच्या वेळी आपण पुन्हा तेच घेतो.

जर्मनांचंही या रसाशी जुनं नातं आहे. आपलं ‘पित्त खवळतं’, तसं त्यांचं पित्त वर येतं: ‘मीअर कोम्ट डी गाले होख’. राग दोन्हीकडे सारखाच. पण दुखण्याच्या बाबतीत त्यांचे शब्द वेगळे आहेत. जळजळीला ‘सोडब्रेनेन’, पित्ताच्या कळेला ‘गालेनकोलिक’, खड्यांना ‘गालेनश्टाइन’. डॉक्टरांसमोर आपण यांतला कुठला शब्द उच्चारतो, यावर पुढची तपासणी ठरू शकते. म्हणून भाषांतर न करता बोटाने जागा दाखवावी, हे उत्तम.

गरोदरपणातच का?

पित्ताशय ही यकृताच्या खाली चिकटलेली, लहानशा पेअरच्या आकाराची पिशवी. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. पित्ताशयात मावतो जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर, पण तोही आटवून घट्ट केलेला. जेवणात तूपतेल आलं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि तो रस आतड्यात सोडतं, त्यामुळे स्निग्ध पदार्थ पचतात.

पित्तरसात कोलेस्टेरॉल असतं. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. हा तोल बिघडला, किंवा रस फार काळ पिशवीत साचून राहिला, की कोलेस्टेरॉलचे स्फटिक होतात. आधी गाळ, मग खडे.

गरोदरपणात या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे पित्तरसात कोलेस्टेरॉल जास्त उतरतं. वाढलेल्या प्रोजेस्टेरॉनमुळे शरीरातले अनेक स्नायू सैलावतात. गर्भाशय शांत राहावं म्हणून ही निसर्गाची योजना, पण तिच्यामुळे पित्ताशयही आळसावतं आणि पुरतं रिकामं होत नाही. पाकात साखर जास्त झाली आणि पातेलं कुणी हलवलं नाही, तर तळाशी खडे धरतात, तसंच हे.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ३,२०० हून अधिक गरोदर स्त्रियांची वेळोवेळी सोनोग्राफी करून केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर चार ते सहा आठवड्यांपर्यंत साधारण दर दहांतल्या एकीच्या पित्ताशयात नवा गाळ किंवा खडे आढळले, किंवा असलेले वाढलेले दिसले. पण वर्षभरात पित्ताशय काढावं लागलं ते शंभरात एकीपेक्षाही कमी जणींचं. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. बहुतेकींना आपल्या पोटात खडे आहेत हे कळतही नाही. बाळंतपणानंतर संप्रेरकं पूर्वपदावर आली की गाळ बहुतेक वेळा आपोआप निघून जातो, काही जणींचे बारीक खडेही विरघळतात. प्रश्न असतो तो उरलेल्यांचा.

बाळंतपण झालं म्हणजे धोका संपला असंही नाही. उलट अनेकींचं दुखणं त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांतच सुरू होतं. पित्ताशय पुन्हा जोमाने आकुंचन पावायला लागतं आणि आत साचलेले बारीक खडे नळीच्या तोंडाशी अडकतात. त्यात कुणी वजन उतरवायच्या घाईत एकदम खाणं तोडलं, तर आणखी भर पडते, कारण झपाट्याने वजन घटतानाही खडे होतात.

मग डिंकाच्या लाडवाचा दोष काय? खडे लाडवाने झालेले नसतात, ते आधीच असतात. तुपाचा लाडू पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतो, आणि दारात खडा असेल तर कळ येते. आईला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. “म्हणजे मीच तुला दुखवलं की काय?” तसं मुळीच नाही, हे तिला पटवायला मला आठवडा लागला.

कसं ओळखायचं?

जळजळ आणि पित्ताशयाची कळ यांत थोडं लक्ष दिलं तर फरक कळतो. जळजळ छातीच्या मधोमध, खालून वर घशाकडे चढते, तोंडाला आंबट पाणी येतं, आडवं झालं की वाढते. पित्ताशयाची कळ पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगड्यांखाली येते, बऱ्याचदा पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे जाते. ती जेवणानंतर, विशेषतः रात्री येते. एकदा चढली की अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखी राहते. कूस बदलून, ढेकर देऊन किंवा शौचाला जाऊन ती कमी होत नाही.

ही झाली साधी कळ. ती पुन्हा पुन्हा येत असेल तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. पण पुढची लक्षणं दिसली तर वाट बघायची नाही, त्याच वेळी रुग्णालय गाठायचं: ताप किंवा हुडहुडी; डोळे पिवळे दिसणं; लघवी चहाच्या रंगाची आणि शौच पांढुरकं होणं; पाच-सहा तासांनंतरही न थांबणारं दुखणं; पोटभर पसरून पाठीत आरपार जाणारी तीव्र कळ आणि सततच्या उलट्या. यांत पित्ताशयाला सूज आलेली असू शकते किंवा खडा मुख्य नळीत उतरून स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. दोन्हीही घरी बसून काढण्याची दुखणी नव्हेत.

गरोदर मैत्रिणींसाठी आणखी दोन गोष्टी. पाचव्या महिन्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत उजव्या बरगडीखाली दुखत असेल आणि सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर सूज किंवा वाढलेला रक्तदाब असेल, तर ते पित्ताशय नसून गरोदरपणातल्या रक्तदाबाचा यकृतावर झालेला परिणाम असू शकतो. आई आणि बाळ दोघांच्या दृष्टीने ही तातडीची वेळ असते. दुसरं, शेवटच्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात आणि तळपाय रात्री खाजत असतील, तर कोरडी हवा म्हणून क्रीम लावत बसू नका. पित्तरसाचा प्रवाह यकृतातच मंदावल्याने असं होऊ शकतं. रक्तातली पित्ताम्लं मोजून त्याचं निदान होतं आणि बाळावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

इथे कुणाला सांगायचं?

आपल्या हातातल्या मुटरपासमध्ये गरोदरपणाच्या तीन ठरलेल्या सोनोग्राफी असतात: साधारण नवव्या ते बाराव्या, एकोणिसाव्या ते बाविसाव्या आणि एकोणतिसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्यात. या तिन्ही बाळासाठी असतात. डॉक्टर वारेची जागा बघतात, बाळाची वाढ बघतात. आईच्या यकृताकडे किंवा पित्ताशयाकडे यंत्र वळवायचं कारण त्यांना दिलं तरच ते वळवतील. म्हणून ‘इतक्या सोनोग्राफी झाल्या, काही असतं तर दिसलं असतं’ हा आपला समज चुकीचा आहे.

हाउसआर्त्स्टकडे जाताना चार ओळी लिहून न्याव्यात: कळ किती वाजता आली, आधी काय खाल्लं होतं, किती वेळ राहिली, कुठे गेली. सोनोग्राफी ठरवून असेल तर सहा-आठ तास उपाशी पोटी करतात, कारण जेवल्यावर पित्ताशय आकसतं आणि नीट दिसत नाही. सोबत यकृताच्या आणि सूज मोजणाऱ्या रक्ततपासण्या होतात. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे गरोदर असताना किंवा अंगावर पाजत असताना ती बिनधास्त करावी.

दवाखाने बंद असतील आणि थांबण्यासारखं नसेल, तर ११६११७. ताप, कावीळ, असह्य कळ असेल, तर सरळ ११२ किंवा रुग्णालयाची नोटआउफनामे. आणि हेबामेला सांगायला विसरू नका. सरकारी विम्यात बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत तिची मदत मिळते. बाळाचं सगळं विचारताना स्वतःबद्दल एक वाक्य बोला. आपल्या सव्वा महिन्यात घरातली मोठी बाई बाळंतिणीची जशी विचारपूस करते, तशी करणारी ही इथली बाई असते.

पंचवीस किलोमीटरवरचं गाव

माझी कळ पुन्हा पुन्हा येत होती, म्हणून पित्ताशय काढायचं ठरलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मला भीती वाटली ती पोटावरच्या मोठ्या चिरेची. माझ्या आजीचं हेच ऑपरेशन झालं होतं. तिच्या उजव्या बरगडीखाली वीतभर लांब व्रण होता, आणि ती दीड महिना कळशी उचलू शकली नव्हती, असं आई सांगते. मला भेटायला आलेल्या सर्जनबाई हसल्या. म्हणाल्या, “ती वेळ आता नाही. आणि ती बदलायला सुरुवात कुठे झाली माहीत आहे? इथेच, ब्योब्लिंगनला.”

घरी आल्यावर मी त्याबद्दल वाचलं. पित्ताशय काढून टाकता येतं हे पहिल्यांदा दाखवलं तेही जर्मनीतच. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारुस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी कित्येक वर्षं कळांनी बेजार झालेल्या ४३ वर्षांच्या एका माणसाचं पित्ताशय काढलं. तोवर सर्जन फार तर खडे काढून पित्ताशय आत ठेवत. लांगेनबुखांचं म्हणणं असं होतं की खडे तयार करणारी पिशवीच राहिली तर खडे पुन्हा होणार. रुग्ण बरा होऊन घरी गेला. पुढची शंभर वर्षं ही शस्त्रक्रिया पोट उघडूनच होत राहिली. माझ्या आजीची तशीच झाली.

दुर्बिणीची वाट उघडली ती स्त्रीरोगतज्ज्ञांनी. उत्तर जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम हे स्त्रियांच्या ओटीपोटातल्या शस्त्रक्रिया लहान छिद्रांतून करत होते. १९८० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी त्याच पद्धतीने अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन मंडळींनी त्यांना वेड्यातच काढलं. त्यांच्या कामावरून स्फूर्ती घेऊन एरिश म्यूहे या सर्जनने पित्ताशयासाठी स्वतः एक दुर्बीण तयार करवून घेतली. तिला त्यांनी ‘गालोस्कोप’ म्हटलं. १२ सप्टेंबर १९८५ रोजी ब्योब्लिंगनच्या रुग्णालयात त्यांनी पोट न उघडता पित्ताशय बाहेर काढलं. जगातली ही पहिलीच वेळ. आमच्या त्सुफेनहाउझेनपासून हे गाव पंचवीसेक किलोमीटरवर आहे.

१९८६ साली जर्मन सर्जनांच्या संमेलनात त्यांनी हे मांडलं, तर स्वागताऐवजी थट्टा आणि संशय वाट्याला आला. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या लिओंमध्ये फिलिप मूरे यांनी तशी शस्त्रक्रिया केली, तिथून ती अमेरिकेत पोहोचली आणि बघता बघता जगभर रूढ झाली. म्यूहेंचं नाव मात्र बराच काळ मागेच राहिलं. ज्या जर्मन सर्जन संघटनेने त्यांना नाकारलं होतं, तिनेच १९९२ साली त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला.

आपल्याकडे ही शस्त्रक्रिया आली ती १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी ती केली. विकसनशील देशांतली ती पहिली मानली जाते. विशेष म्हणजे त्याआधी १९७२ पासूनच ते जे. जे.मध्ये निदानासाठी पोटातली दुर्बीण वापरत होते. महागड्या तपासण्या न परवडणाऱ्या गरीब रुग्णांना तिचा उपयोग होईल, हा त्यांचा विचार होता. पुढे त्यांना पद्मभूषण मिळालं. सरकारी रुग्णालयातल्या साध्या माणसापर्यंत ही सोय इतक्या लवकर पोहोचली, याचा अभिमान वाटतो.

निर्णय आणि त्यानंतर

खडे दिसले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असं नसतं. त्रास नसलेले खडे बहुतेक वेळा तसेच राहू देतात. पण एकदा कळा सुरू झाल्या की त्या पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, म्हणून पित्ताशय काढण्याचा सल्ला मिळतो.

सूज आली असेल, तर ‘आधी सूज उतरू दे, मग सहा आठवड्यांनी बघू’ ही जुनी रीत. हायडेलबर्गच्या पुढाकाराने ३५ रुग्णालयांत ६१८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची शस्त्रक्रिया दाखल झाल्यापासून २४ तासांत झाली त्यांना, थांबवून ठेवलेल्यांपेक्षा गुंतागुंत कमी झाली आणि ते लवकर घरी गेले. ही पाहणी सर्वसाधारण रुग्णांची आहे. गरोदर स्त्रीच्या बाबतीत निर्णय सर्जन आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून घेतात. पूर्वी गरोदरपणातला मधला त्रैमासिकच सुरक्षित मानत. आता गरज असेल तर अनुभवी रुग्णालयात कुठल्याही महिन्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. वारंवार कळा, उपासमार आणि स्वादुपिंडाची सूज यांचा धोका बाळालाही असतो. त्यामुळे ‘बाळाला जपायचं म्हणून मी सहन करते’ हा आपला त्याग दर वेळी बाळाच्या हिताचा ठरेलच असं नाही.

माझी शस्त्रक्रिया धाकटी दहा आठवड्यांची असताना झाली. बेंबीपाशी एक आणि वर तीन, अशी चार छोटी छिद्रं. मला सगळ्यात जास्त काळजी होती ती तिच्या दुधाची. भूल देणाऱ्या डॉक्टरांना मी आधीच सांगितलं, ‘इख श्टिले’, म्हणजे मी अंगावर पाजते. प्रत्येक औषधाच्या वेळी हे वाक्य पुन्हा सांगावं, कारण त्याप्रमाणे औषध निवडता येतं. पूर्ण जाग येऊन हातात बाळ धरता आलं की सहसा लगेच पाजता येतं, दूध पिळून टाकायची गरज नसते. पाजणाऱ्या आईसोबत तान्ह्या बाळाला ठेवून घेतात का, हे दाखल होण्याआधी विचारावं. आमच्या रुग्णालयाने ठेवून घेतलं, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींनी माझ्याआधी तिला थोपटायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो.

घरी मोठ्या मुलाचं कोण बघणार, हा पुढचा प्रश्न. आईचा व्हिसा संपत आला होता. इथे घरात बारा वर्षांखालचं मूल असेल, आई रुग्णालयात किंवा गंभीर आजारी असेल आणि दुसरं कुणी घर सांभाळू शकत नसेल, तर क्रांकेनकासेकडून ‘हाउसहाल्ट्सहिल्फे’, म्हणजे घरकामाला मदतनीस मिळू शकते. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते आणि अर्ज आधी करावा लागतो. आपण मराठी बायका हे मागायला संकोचतो. संकोच करू नका, यासाठीच आपण दरमहा विमा भरतो.

पित्ताशय गेल्यावर तूप कायमचं बंद का, असं मला सगळ्यांनी विचारलं. नाही. पित्तरस यकृतात तयार होतच राहतो, फक्त साठवणीची पिशवी नसते. सुरुवातीचे काही आठवडे तळकट खाल्लं की काही जणींना पातळ शौचाला होतं. थोडं थोडं, अनेक वेळा खावं आणि हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावं. गरोदर असताना खड्यांच्या भीतीने स्निग्ध पदार्थ सगळे बंद करू नयेत. उलट दिवसभर कडकडीत उपास आणि रात्री साबुदाणावडे, हा क्रम पित्ताशयाला जास्त जड जातो.

एका उपायापासून मात्र लांब राहा. सफरचंदाचा रस, लिंबू आणि पेलाभर ऑलिव्ह तेल पिऊन ‘सगळे खडे पडले’ असे संदेश आपल्या फोनवर येतात. शौचात जे हिरवट गोळे दिसतात ते बहुधा त्या तेलाचेच, साबणासारखे झालेले असतात. मुतखडा पाणी पिऊन पडतो, हे आपण ऐकलेलं असतं. पण पित्ताशयातला खडा म्हणजे मुतखडा नव्हे. आणि एवढं तेल एकदम पोटात गेलं, तर नको त्या वेळी कळ उठायची.

या फराळाच्या दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या घरी एखादी बाळंतीण किंवा गरोदर मैत्रीण चकलीचं ताट बाजूला सारून म्हणेल, “नको गं, पित्त झालंय.” तेव्हा आमसूल द्यायच्या आधी तिला माझ्या हेबामेचे प्रश्न विचारा. एका बोटाने दाखव, नेमकं कुठे? मागे जातं का? किती वेळ राहतं? उत्तर ऐकून वाटलं, तर तिच्या बाळाला तुम्ही घ्या आणि तिला डॉक्टरकडे पाठवा.

आई यंदा पुन्हा येते आहे. फोनवर म्हणाली, “डिंक आणू का गं, की नको?” म्हटलं, “आण. आता खुशाल आण.”